परसातलं टर्फ कोर्ट: कोकणात आधी काय, मग काय

जूनचा दुसरा आठवडा आला की मला ठरलेले फोन येऊ लागतात. परसात टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, घालून घेतलेल्यांचे. टर्फ मध्येच फुगलंय, जोड उघडलाय, पोरं धावली की पचपच आवाज येतो. बेस, म्हणजे टर्फखालचा खडीचा थर, कधी केलात म्हणून विचारावं तर उत्तरही ठरलेलं: "मे महिन्यात. मुंबईची पोरं सुट्टीला यायची होती ना." म्हणजे रोल एप्रिलपासूनच पडवीत उभे, जेसीबी आला मेच्या पहिल्या आठवड्यात, खडी पडली, दोन दिवसांत दाबली आणि पंधरा तारखेला वर गवत. महिनाभर झकास खेळले. मग पाऊस.

आपल्याकडे जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर कुणाला त्याचं नवल वाटत नाही. १२ मीटर बाय ८ मीटरच्या कोर्टावर तेवढा पाऊस म्हणजे साधारण साडेनऊ हजार लिटर पाणी. जवळजवळ एक मोठा टँकर. तो टँकर कुठून बाहेर जाणार हे ठरल्याशिवाय टर्फचा नमुनाही हातात घेऊ नका. पुढचे सगळे हिशेब याच १२ बाय ८ च्या कोर्टाचे आहेत.

## कामाला बसण्याआधी: पंचांग

माझं म्हणणं बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो. कोर्टाला एक पावसाळा द्या. खोदाई, खांब आणि खडीचा थर मार्च-एप्रिलमध्ये उरकायचा. जून ते सप्टेंबर त्यावर काही घालायचं नाही, नुसतं बघायचं: पाणी कुठे थांबतं, खडी कुठे बसते, कडेची माती कुठून आत येते. दसऱ्यानंतर खड्डे भरून बारीक थर आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत टर्फ.

एवढा धीर नसेल तर दिवाळीनंतर सगळं सलग करा आणि फेब्रुवारीअखेर संपवा. मे महिन्यात मात्र नको. घामाचं काम, हवेत दमटपणा आणि वळवाच्या सरीचा नेम नाही.

## टप्पा १: जागा ठरवणं

कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. आपल्याकडे खेळ संध्याकाळीच रंगतो आणि सूर्य समुद्रात उतरताना सरळ डोळ्यांत येतो. पूर्व-पश्चिम कोर्टावर एका बाजूचा गडी पाच वाजल्यानंतर आंधळाच असतो.

माडापासून लांब राहा. बुंध्यापासून नव्हे, झावळ जिथवर पसरते तिथपासून मोजा. नारळ डोक्यात पडण्याची भीती सगळ्यांनाच असते, पण वरची जाळी फाडते ती वाळकी झावळ. आंब्याखाली चीक आणि मोहोर, जांभळाखाली डाग. सावलीच्या मोहाने तिथे जाल तर वर्षभर झाडत बसाल.

जमिनीखाली काय आहे तेही बघा. सेप्टिक टँक, शोषखड्डा, पंपाची पाइप, विजेची केबल. यांपैकी कशावरही कोर्ट येत असेल तर जागा सरकवा. विहिरीच्या चढाच्या बाजूला कोर्ट नको, कारण टर्फमध्ये भरलेले रबराचे कण पावसात वाहतात.

समुद्रालगतचं घर असेल आणि जागा भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत येत असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागू होऊ शकतात. खांबांचं काँक्रीट ओतायच्या आधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या, नंतर नव्हे.

तपासा: कोर्टाच्या मधोमध फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा खणा. दोनदा पाणी भरून जिरू द्या, तिसऱ्यांदा भरून घड्याळ लावा. तासाभरात जिरलं तर जमीन पाणी पिते. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर खाली कातळ किंवा पिवळी चिकण माती आहे. मग पाणी खाली जाणार नाही, बाजूलाच काढावं लागेल. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, घरांना हे सांगायला नको.

## टप्पा २: खेळ आणि त्यावरून माप

"सगळे खेळ खेळू" म्हणणाऱ्यांचा कोणताच खेळ धड होत नाही. पिकलबॉल (टेनिससारखाच, पण लहान कोर्टावरचा खेळ) किंवा टेनिस मुख्य असेल तर १० ते १५ मिलिमीटर पात्यांचं आखूड, वाळू भरलेलं टर्फ. पोरांचा फुटबॉल आणि बॉक्स क्रिकेट असेल तर ४० ते ५० मिलिमीटर. त्यावर टेनिसचा चेंडू मेल्यासारखा उसळतो, हे आधीच मान्य करून टाका. बॅडमिंटनचं म्हणाल, तर दुपारी खारा वारा सुटला की शटलचं फूल गडग्यापलीकडे जातं. त्यासाठी टर्फवर पैसे घालू नका.

माप रोलवरून ठरवा. बाजारात बहुतेक रोल २ किंवा ४ मीटर रुंद आणि २५ मीटर लांब मिळतात. दोन मीटरच्या रोलमधून १२.४० मीटरच्या दोन पट्ट्या निघतात. दोन रोल, चार पट्ट्या, कोर्ट १२ बाय ८. टाकाऊ जवळजवळ काहीच नाही. हेच कोर्ट १३ मीटरचं केलंत तर एका रोलमधून एकच पट्टी निघते आणि चार रोल घ्यावे लागतात.

एक बारीक गोष्ट: जोडताना प्रत्येक पट्टीची कड सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कापली जाते. त्यामुळे नावाला ८ मीटर असलं तरी टर्फ टेकेल ती रुंदी ७.९० धरा. गवंड्याला हा आकडा लिहून द्या. तोंडी सांगितलेला लक्षात राहत नाही.

## टप्पा ३: आखणी आणि खोदाई

खुंट्या ठोका, लाइनदोरी ओढा. मग दोन्ही कर्ण मोजा. १२ बाय ७.९० ला दोन्ही कर्ण १४.३७ मीटर आले पाहिजेत. दहा सेंटिमीटरचा फरक दिसत नाही, पण टर्फची शेवटची पट्टी घालताना एका टोकाला पाचर उरते आणि ती लपवायला काही नसतं.

वरची तीन-चार इंच माती पालापाचोळा आणि मुळांसकट काढून टाका. हरळी आणि लव्हाळा असेल तर जास्त खणा. लव्हाळ्याच्या गाठी एकेक वेचाव्या लागतात, त्याचं टोक टर्फच्या पाठीतूनही वर येतं.

आता उतार. रुंदीच्या दिशेने १०० ला १, म्हणजे ७.९० मीटरला साधारण ८ सेंटिमीटर. हा उतार *मातीलाच* द्यायचा. नेहमीची चूक अशी की माती सपाट ठेवतात आणि उतार खडीत काढतात. मग सखल बाजूला खडी पातळ पडते, आणि नेमकं तिथेच सगळं पाणी येतं. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दर दोन मीटरवर माप घ्या. डोळ्याने काढलेला उतार बहुधा घराकडेच निघतो.

सावध: नवा भराव घातला असेल तर त्यावर त्या वर्षी कोर्ट नको. तांबडी माती कितीही धुमसलीत तरी पहिल्या पावसात बसते.

## टप्पा ४: पाण्याची वाट, कड आणि खांब

ही तिन्ही कामं खडीच्या आधी. यातलं एखादं मागे राहिलं की नंतर केलेला बेस फोडावा लागतो.

सखल कडेला फूटभर रुंद चर काढा, त्यात कापड गुंडाळलेली, भोकं पाडलेली चार इंची पाइप आणि भोवती २० मिलिमीटर खडी. पाइपचं तोंड पऱ्याकडे (ओढ्याकडे) किंवा लांबच्या माडांच्या आळ्यांकडे. तोंडाशी लहान टाकी बांधून जाळी बसवा, रबर आणि गाळ तिथे अडतो. चढाच्या बाजूला वेगळं उघडं गटार हवं, कारण वरच्या आगरातून येणारं तांबडं पाणी कोर्टात शिरलं की टर्फच्या पाठीची भोकं गाळाने बुजतात. घराची पन्हळ कोर्टाकडे सोडलेली असेल तर ती आधी वळवा.

कडेला जांभ्याचा चिरा सिमेंटात बसवा किंवा काँक्रीटची पट्टी ओता. लाकडी फळ्या नकोत, वाळवीची सोय होते. कडेचा माथा बेसच्या अंतिम पातळीला येऊ द्या, म्हणजे टर्फची किनार त्यावरच चिकटवता येते. सखल बाजूच्या कडेत दर दीड मीटरवर नळीचा तुकडा घालून आरपार वाट ठेवा. ही भोकं विसरलेली दोन कोर्टं मी पाहिली आहेत. चारी बाजूंनी बांधलेली ती सुरेख टाकीच होती. बेडूक खूश होते.

खांब जीआय पाइपचे, पण नुसता चंदेरी रंग मारलेले नव्हेत, गरम जस्तात बुडवलेले. खाऱ्या वाऱ्यात साधा लोखंडी खांब वेल्डिंगच्या जोडापासून खायला सुरुवात करतो. वेल्डिंग कमीत कमी ठेवा आणि झालेल्या जोडावर झिंकचा रंग द्या. पाया तीन फूट खोल. जाळी दर जूनला उतरवता येईल अशी कड्यांवर अडकवा. निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या वादळांनंतर हे वेगळं सांगायची गरज पडू नये, पण जाळी कायमची बांधून घेणारे अजूनही भेटतात. ताणलेली जाळी वाऱ्यात शीड होते आणि खांबच ओढून काढते.

दिवे लावणार असाल तर वायरीची नळी आत्ताच पुरा.

सावध: सगळं वेल्डिंग आणि कटिंग टर्फ यायच्या आधी संपलं पाहिजे. एक ठिणगी आणि टर्फवर रुपयाएवढं काळं भोक.

## टप्पा ५: बेस

पहिल्यांदा मातीवर रोलर फिरवा, मग न विणलेलं जिओटेक्सटाइल कापड अंथरा. जोडावर एक फूट आच्छादन ठेवा. हे कापड तांबड्या मातीला खडीत वर चढू देत नाही. पैसे वाचवायला त्याऐवजी निळी ताडपत्री घालणारे आहेत. ताडपत्रीने माती अडते, आणि पाणीही.

त्यावर दाबून चार इंच होईल एवढी क्रशरची काळी खडी. आपल्या मापाला दाबलेली ३.४ ब्रास लागते (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). सुटी मागवताना साडेचार ब्रास सांगा. घरचं काम झाल्यावर उरलेले चिऱ्याचे तुकडे आणि चुरा इथे खपवायचा मोह होतो. करू नका. जांभ्याचा चुरा उन्हात दगडासारखा वाटतो आणि दोन पावसाळ्यांत त्याची माती होते.

खडी एकदम ओतून दाबायची नाही. दोन थर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून प्लेट कॉम्पॅक्टर. तो भाड्याने मिळतो. हजार चौरस फुटांवर हाताची धुमस मारत बसाल तर माणसं थकतील आणि खडी तशीच राहील.

पावसाळा द्यायचा ठरवला असेल तर इथे थांबा. नसेल तर पुढे दीड इंच बारीक कच, सुमारे १.६ ब्रास. जास्त भुकटी असलेली कच घेऊ नका. मूठभर कच पाण्याच्या ग्लासात ढवळून ठेवा. वर गढूळ थर बराच वेळ तरंगत राहिला तर परत पाठवा.

काँक्रीटचा बेस करावा का, हा प्रश्न नेहमी येतो. गवंडी त्याचाच आग्रह धरतात, कारण ते त्यांच्या हातचं काम आहे. खाली कातळ असेल आणि आखूड टर्फवर पिकलबॉल खेळायचा असेल तर काँक्रीट चांगलं. पण मग टर्फच्या भोकांना अर्थ राहत नाही, सगळं पाणी उतारावरूनच जातं, त्यामुळे उतारात अर्ध्या सेंटिमीटरची माफी नाही. पोरं पडणार असतील तर खडीच बरी.

तपासा: तीन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी सगळीकडे आडवी-उभी ठेवा. तिच्याखाली कुठेही १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. बुटाची टाच जोरात दाबा, ठसा उमटला तर पुन्हा कॉम्पॅक्टर. शेवटी वीस मिनिटं पाइपने पाणी मारा. जिथे डबकं दिसेल तिथे खडूने गोल काढा आणि तिथली कच सुधारा. या तिन्ही परीक्षा पास झाल्यावरच रोलवाल्याला फोन करा.

## टप्पा ६: टर्फ अंथरणं आणि जोडणं

रोल उतरवून घेताना दोन्हींवरचा लॉट नंबर जुळतोय का बघा. वेगळ्या लॉटचे हिरवे रंग पावतीवर एकच असतात, उन्हात दोन दिसतात.

पट्ट्या कापून तीन-चार तास उन्हात पसरू द्या, गुंडाळीचा ताठा जातो. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत. हाताने कुरवाळून बघा आणि पाठीवर खडूने बाण काढा. एक पट्टी उलटी पडली तरी कोर्ट नांगरलेल्या शेतासारखं पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं.

कड नेहमी पाठीकडून, नव्या ब्लेडने, पात्यांच्या दोन ओळींच्या मधून कापा. बोथट ब्लेड ओळ सोडून भरकटतं, म्हणून दर पाच-सहा मीटरला ब्लेड बदला. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्यावर मध्ये २-३ मिलिमीटर फट. चिकटून बसवल्या तर उन्हात फुगवटा येतो. फट जास्त ठेवली तर काळी रेघ दिसते.

आता कडा मागे दुमडा. फटीच्या बरोबर मध्यावर ३० सेंटिमीटर रुंद टेप, त्यावर दोन भाग कालवून होणारा पीयू (पॉलियुरेथेन) गम दातेरी पत्र्याने पसरायचा. तीन जोड, प्रत्येकी १२ मीटर, म्हणजे १५ ते १८ किलो गम लागेल. एका वेळी वीस मिनिटांत संपेल एवढाच कालवा. डब्यावर सांगितलेला वेळ थांबून कडा खाली सोडा, पाती गमात अडकणार नाहीत हे बोटांनी बघत. मग वाळूच्या पिशव्यांचं वजन ठेवा आणि चोवीस तास कुणालाही आत सोडू नका.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. चुलतभावाच्या परसात पहिलं कोर्ट केलं तेव्हा डिसेंबर होता, आकाश निरभ्र. शेवटचा जोड राहिला होता, म्हटलं आजच संपवू. साडेपाचला गम लावला. रात्री असं दंव पडलं की सकाळी टर्फ ओलंचिंब. पीयूला ओल लागली की तो फेसाळतो. त्या जोडाखाली पावाच्या लादीसारखा फेस आला होता आणि कड बोटभर उचललेली. तासून, नवीन टेप लावून दोन दिवस गेले. तेव्हापासून माझा नियम: गम सकाळी दहानंतर, दुपारी तीनच्या आत, आणि त्याआधी टर्फची पाठ हाताला कोरडी लागली पाहिजे. नुसतं आकाश बघून ठरवायचं नाही.

किनार चिऱ्यावर किंवा काँक्रीटवर त्याच गमाने चिकटवा. खिळे मारायचेच असतील तर जस्ताचे. सुतारकामाचा गम किंवा साधे खिळे पहिल्या पावसाळ्यापर्यंतच साथ देतात.

रेषा घरच्या कोर्टाला रंगाने काढल्या तरी चालतात. दर दोन वर्षांनी पुन्हा काढाव्या लागतील.

## टप्पा ७: वाळू आणि रबर

४० मिलिमीटरच्या टर्फमध्ये साधारण चौरस मीटरला १५ ते २० किलो सिलिका वाळू आणि वर ५-६ किलो रबर बसतं. नेमका आकडा रोलसोबतच्या कागदावर असतो, तोच पाळा. आपल्या मापाला दीड टनाच्या वर वाळू आणि रबर पाचशे किलोच्या आसपास. भरून झाल्यावर पाती सुमारे १५ मिलिमीटर वर दिसली पाहिजेत.

"समोर अख्खा किनारा आहे, वाळू विकत कशाला?" हा प्रश्न मला प्रत्येक गावात ऐकू येतो. किनाऱ्यावरून वाळू उचलणं मुळात बेकायदा. शिवाय तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ ओल धरून ठेवतं आणि खिळे, खांब खातं. शिंपल्याने पोरांचे गुडघे सोलतात. धुतलेली, वाळवलेली, सारख्या दाण्याची सिलिका वाळूच घ्या. कणकवली तालुक्यात कासार्डे-फोंडा भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, त्यामुळे दक्षिण कोकणात ती मिळवायला फार लांब जावं लागत नाही.

वाळू कोरडी हवी, टर्फही कोरडं. चार-पाच पातळ हात द्या आणि प्रत्येक हातानंतर पात्यांच्या उलट दिशेने ताठ नायलॉन ब्रश फिरवा. घरातला खराटा आणू नका. त्याचे हीर तुटून पात्यांत उभे राहतात आणि महिनाभर अनवाणी पायांना सापडत राहतात. वाळू पूर्ण बसल्याशिवाय रबर टाकू नका. रबर आधी गेलं तर वाळू वरच राहते आणि पडणाऱ्याचं कोपर खरवडते.

## टप्पा ८: वापर आणि पहिला पावसाळा

एप्रिल-मेच्या दुपारी टर्फ अनवाणी पायाला भाजतं. बारा ते चार खेळ बंद, किंवा आधी पाणी मारा. ते थोडा वेळच थंड राहतं.

घरच्यांना एकदा एकत्र बसवून सांगा. दिवाळीत फुलबाजे इथे नाहीत. शिमग्याची होळी वाऱ्याच्या अंगाला नको. गणपतीच्या मांडवाच्या वाशांना इथे खड्डे खणायचे नाहीत. आमच्याकडे हे सगळं सांगून झालं, आणि मे महिन्यात काकूने कोर्टाच्या मधोमध आमसुलं वाळत घातली. "एवढी स्वच्छ हिरवी जागा रिकामी पडलीय" हे तिचं म्हणणं. पेनल्टी स्पॉटच्या जागी अजून जांभळट डाग आहे.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांत याची तीन कामं जोडा: जाळी उतरवणं, चढाच्या बाजूचं गटार साफ करणं, पाइपच्या तोंडाची टाकी उपसणं. पावसाळाभर कोर्ट ताडपत्रीने झाकू नका, खाली कुबट वास आणि बुरशी धरते. उघडीप मिळाली की पानं काढा आणि ब्रश फिरवा. सावलीच्या कोपऱ्यात शेवाळ धरतंच, ते ओलं असताना घासायचं नाही. सुकू द्या, मग ब्रशने उकरा.

पहिला मोठा पाऊस ओसरला की छत्री घेऊन सखल कडेशी जा. नळ्यांतून पाणी वाहत असेल आणि कोर्टावर डबकं नसेल तर झालं. नळ्या कोरड्या आणि टर्फवर पाणी उभं असेल तर त्या जागेखालची कच गच्च झालीय. आत्ता काही करू नका, फक्त कडेपासूनचं अंतर मोजून भिंतीवर लिहून ठेवा. दसऱ्यानंतर जवळची किनार उचला, कच खरवडून नवी घाला आणि किनार पुन्हा चिकटवा. सकाळी दहानंतर.